पोलीस, प्राध्यापक आणि बदलीचा हुकूम

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत जनक्षोभ उसळला. त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेला विधी शाखेचा एक तरुण विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या देहाची उत्तरीय तपासणी आपल्या शहरातील घाटी रुग्णालयात झाली. अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असे मत डॉक्टरांनी लेखी नोंदविले. विधानसभेत मात्र मारहाण झालीच नाही, असे सांगण्यात आले. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी त्या तरुणाच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने तसा आदेश दिला. राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथेही तो आदेश कायम राहिला.

दोष कोणाचा, याचा निवाडा न्यायालय करील. त्यात आपण पडू नये. परंतु ज्या राज्यात वैद्यकशास्त्राने सरकारी कागदावर लिहिलेले एक वाक्य गृहखात्याला ऐकू यावे म्हणून दोन न्यायालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्याच राज्यात सध्या ‘संशोधनावर आधारित पोलीस कारभार’ या विषयाला मोठा बहर आला आहे. अधिकाऱ्यांसाठी नेतृत्वविकासाचे वर्ग भरतात, व्यवस्थापन संस्थांशी करार होतात. २०२४ साली राज्य शासनाने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने घडविणारी ‘मार्व्हल’ नावाची कंपनी नागपुरात स्थापन केली आणि त्या उपक्रमात तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेला सामील करून घेतले. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य विद्यापीठीय अध्यापनात गेले असल्यामुळे विद्येचा असा सन्मान पाहून त्याने खरे तर हरखून जावयास हवे. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक खोड जडलेली असते. एखादी पाहणी हाती आली की निष्कर्षांकडे वळण्यापूर्वी तो विचारतो : हा प्रश्न कोणी विचारला, खर्च कोणी केला, आणि निष्कर्षांपैकी कोणता भाग उचलला गेला, कोणता फडताळात पडला?

पोलीस आणि विद्वान यांच्या संबंधांचा आपल्याकडील इतिहास या तिसऱ्या प्रश्नाच्या प्रकाशात वाचण्यासारखा आहे, आणि त्याच्या आरंभी एक मराठी समाजशास्त्रज्ञ उभा आहे. केंद्र सरकारने १९७० साली पोलीस संशोधन व विकास विभाग स्थापन केला. पुढच्याच वर्षी पोलीस प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्षपद मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्रा. माधवराव गोरे यांच्याकडे आले. पोलीस महासंचालक नव्हे, निवृत्त न्यायमूर्ती नव्हे, तर समाजशास्त्राचा प्राध्यापक! १९७३ साली गोरे समितीने अहवाल दिला. शिपायापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या शिक्षणात समाजशास्त्रांना स्थान हवे, कवायत आणि कलमे यांच्या पलीकडे जाऊन पोलिसाला तो ज्या समाजात वावरतो त्याची जाण हवी, ही या अहवालाची दृष्टी होती. पण समिती तेथेच थांबली नाही. पोलीस यंत्रणेच्या रचनेबद्दलही तिने शिफारशी केल्या. पुढे काय झाले? प्रशिक्षणविषयक शिफारशींपैकी बहुतेक स्वीकारल्या गेल्या. रचनेत बदल सुचविणाऱ्या शिफारशींना कोणी हात लावला नाही.

गेल्या ५० वर्षांची ही रीत आहे. प्राध्यापकाने अभ्यासक्रम सुचविला तर सरकार तो आनंदाने छापते. प्राध्यापकाने अधिकाराच्या वाटणीला हात घातला की सरकारला ऐकू येईनासे होते. जनता राजवटीत १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. १९७९ ते १९८१ या काळात त्याने आठ अहवाल सादर केले. ते पाव शतक धूळ खात पडले. अखेर प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. ठाणेदारापासून महासंचालकापर्यंत महत्त्वाच्या पदांवरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत मिळावी, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ असावे, नागरिकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, हे त्यांतील काही. महाराष्ट्राने २०१४ साली १९५१ च्या पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून मुदत घातली, मंडळे निर्माण केली. आणि त्याच कलमात अपवादात्मक परिस्थितीत, सार्वजनिक हितासाठी, मुदतीपूर्वी बदली करण्याची पळवाटही ठेवली. सार्वजनिक हित म्हणजे काय हे आपल्या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

बदलीच्या या प्रश्नाला एवढे महत्त्व का द्यावयाचे? कारण पोलीस कारभाराविषयी जे उत्तम संशोधन झाले आहे ते वेगवेगळ्या वाटांनी येऊन याच एका ठिकाणी थांबते. पहिला पुरावा आपल्याच राज्यातला आहे.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मे १९७० मध्ये तेथे भीषण दंगल झाली. जळगाव आणि महाड येथेही वणवा पोहोचला. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने या दंगलींचा जो अहवाल लिहिला तो आजही कोणत्याही विद्यापीठीय प्रबंधाला लाजवील असा आहे. पोलिसांच्या तपासात धार्मिक पक्षपात कसा शिरला, हे त्याने नोंदीनिशी दाखविले. तरीही १९८४ साली भिवंडी पुन्हा पेटली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले. शांतता समिती नावाची वस्तू तेव्हाही होतीच : सण जवळ आला की ठाण्यात प्रतिष्ठितांना चहा पाजावयाचा, भाषणे ऐकावयाची, छायाचित्र काढावयाचे. खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांची संख्या सुमारे ७० होती. त्यांत निम्मे हिंदू, निम्मे मुसलमान. पुढाऱ्यांऐवजी त्या गल्लीतली साधी माणसे. आणि सोबत त्या भागाचा पोलीस. वर्षभर भेटीगाठी होत, लहानसहान तंटे तेथेच मिटत, अफवा आली तर ती खरी की खोटी हे ओळखीच्या माणसाला विचारता येई. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई त्या महिन्यात आणि पुढच्या जानेवारीत जळाली, सुमारे ९०० माणसे मेली. मुंबईला लागून असलेली, दंगलींसाठी कुप्रसिद्ध असलेली भिवंडी शांत राहिली.

या प्रयोगाची दखल पुढे विद्वानांनी घेतली. आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा शहरांच्या जोड्या लावून हिंदू–मुस्लिम हिंसाचाराचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ २००२ साली प्रसिद्ध झाला. ज्या शहरांत दोन्ही समाजांची माणसे व्यापारी मंडळे, कामगार संघटना, पक्ष, वाचनालये यांत एकत्र बांधलेली असतात तेथे ठिणगी पडली तरी वणवा होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष आहे. भिवंडीने हे दाखविले की अशी वीण नसेल तेथे पोलीसही ती विणू शकतात. समाजवादी कार्यकर्त्यांना यात नवल वाटू नये. संयुक्त कामगार संघटनेचे महत्त्व आपण ग्रंथातून शिकलो नाही.

परंतु गोष्ट येथे संपत नाही, आणि उत्साहाच्या भरात पुष्कळ जण तिचा उत्तरार्ध सांगत नाहीत. अधिकारी बदलले, समित्यांमधला जीव ओसरला. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. चौदा वर्षांपूर्वी देशाने ज्या गावाकडे बोट दाखवून ‘असे करा’ म्हटले होते तेच हे गाव. दोष प्रयोगाचा होता काय? आमच्या मते, प्रयोग एका अधिकाऱ्याच्या खुर्चीला बांधला गेला होता आणि खुर्ची हलली.

हा केवळ आमचा तर्क नाही. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी (त्यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले) आणखी तिघांसह राजस्थानात एक प्रयोग केला. त्या तिघांपैकी नीना सिंह या त्याच राज्याच्या पोलीस सेवेतील अधिकारी होत्या. ११ जिल्ह्यांतील १६२ पोलीस ठाणी निवडली गेली. काही ठाण्यांत बदल्या गोठविल्या, काहींत कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, काहींत साप्ताहिक सुटी दिली व कामाची पाळीपाळीने वाटणी केली, काहींत ठाण्यात बसून कारभार पाहणारे नागरिक आणले. आणि ठाणे तक्रार नोंदवून घेते की नाही हे पाहण्यासाठी पाहणी करणारी माणसे सामान्य फिर्यादी म्हणून धाडली! निष्पन्न काय झाले? प्रशिक्षणाचा उपयोग झाला, आणि बदल्या थांबविल्याचा उपयोग झाला. उरलेल्या उपायांचा ठोस परिणाम दिसला नाही. मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांनी ते नीट राबविलेच नाहीत, हे त्याचे मोठे कारण असावे, असे संशोधकांना वाटले. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत लोकसहभागी पोलीस कारभाराची जी कसोटी घेतली गेली तिचे फळ २०२१ साली प्रसिद्ध झाले. ते निराशाजनक होते : गुन्हे घटले नाहीत, विश्वास वाढला नाही. कारणे शोधताना संशोधकांनी नोंदविले की साधने अपुरी होती, वरिष्ठांना त्यात रस नव्हता आणि ज्यांना शिकविले त्या पोलिसांच्या बदल्या होत गेल्या. भिवंडीच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर हे सांगणारा माणूस भेटला असता.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बदलीला बंदी घातली तर लाचखाऊ, जुलमी ठाणेदारही त्याच खुर्चीत पक्का बसेल. त्याला हलविण्याचे आमदाराच्या हातचे एकमेव हत्यार आपण काढून घेऊ. उत्तर असे की मुदत आणि जबाबदारी ही जोडी आहे, आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही एकाच निकालात सांगितल्या. जुलमी अधिकाऱ्याची बदली म्हणजे त्याला दुसऱ्या तालुक्यातील गरिबांकडे पाठविणे. त्याला चौकशीला उभे करणारे तक्रार प्राधिकरण सक्षम नसेल तोवर बदली ही शिक्षा ठरत नाही, ती फक्त बाजारातील वस्तू ठरते.

आता थोडे शिपायाविषयी. ‘पोलीस नेतृत्व’ या विषयावरील चर्चेत त्याचे नावही निघत नाही. प्रस्तुत लेखकाचा एक विद्यार्थी एम.ए. झाला. प्राध्यापकाची जागा निघेना, निघाली तरी परवडेना, म्हणून तो भरतीच्या मैदानावर धावला आणि पोलीस शिपाई झाला. मध्यंतरी तो भेटावयास आला. श्रमशक्तीचे पुनरुत्पादन या पाठाविषयी तो म्हणाला, “सर, वर्गात कळला नव्हता, बंदोबस्तात कळला.” सण, मोर्चा, मंत्र्याचा दौरा, परीक्षा, निवडणूक, घरी केव्हा जाणार हे त्याच्या बायकोला कधीच सांगता येत नाही. कॉमन कॉज आणि लोकनीती यांनी २०१९ साली २१ राज्यांतील सुमारे १२ हजार पोलीस कर्मचाऱ्यांशी बोलून जो अहवाल काढला त्यात कामाचा सरासरी दिवस १४ तासांचा आढळला. गेल्या पाच वर्षांत सेवेत असताना प्रशिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होते, आणि त्यातही वरिष्ठांचा वाटा मोठा. त्याच अहवालात निम्म्या पोलिसांनी मुसलमान हे स्वभावतःच गुन्ह्याकडे झुकण्याची शक्यता कमीअधिक प्रमाणात मान्य केली होती. हे तिन्ही आकडे एकत्र वाचावेत. ज्याला झोप नाही, ज्याला शिकविले नाही, त्याच्या मनातला पूर्वग्रह नेतृत्वविकासाच्या वर्गात बसलेल्या अधीक्षकाच्या प्रमाणपत्राने कसा जाणार?

मुंबईत यावर एक उत्तर निघाले होते, आणि ते कोण्या संस्थेने काढलेले नव्हते. देवनार ठाण्यातील एका कर्मचाऱ्याने उपलब्ध माणसांत आठ तासांच्या पाळ्या कशा बसवता येतील याचे गणित स्वतः मांडले. तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ते ऐकून घेतले, मे २०१६ मध्ये त्याच ठाण्यात करून पाहिले आणि पुढे शहरभर नेले. नेतृत्व या शब्दाला अर्थ असेल तर तो एवढाच : खालच्याचे गणित वरच्याने वाचणे. आयुक्त बदलले, महासाथ आली, आणि ती व्यवस्था सर्वत्र व सारखी टिकली नाही. पुन्हा तेच.

मोजमापाविषयीही बोलावयास हवे, कारण नव्या यंत्रांचा सारा भर त्यावर आहे. ठाण्याची कामगिरी नोंदलेल्या गुन्ह्यांच्या संख्येवर जोखली की ठाणेदार गुन्हे कमी करण्याचा सोपा मार्ग धरतो : नोंदवायचेच नाहीत. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात पुन्हा सांगावे लागले. दलित वस्तीतील, भटक्या जमातीतील फिर्याद जेथे कागदावर येतच नाही, तेथे त्या कागदांवर पोसलेले यंत्र उद्या कोणत्या मोहल्ल्यावर बोट ठेवील? यंत्राला विरोध करण्याचा हा सूर नाही. त्याला घातलेला चारा कोणत्या शेतातला आहे, एवढेच पाहावयाचे.

विद्वत्तेने पोलिसांना खरोखर वाकविले अशी उदाहरणे नाहीत काय? आहेत. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधी–अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. ते पत्र नियतकालिकाच्या पानांत राहिले असते. पण १९८० साली गावोगावच्या स्त्रिया ते हातात घेऊन रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. दुसरे उदाहरण टाटा समाजविज्ञान संस्थेचे. १९८४ साली तिने मुंबई पोलिसांच्या आवारातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडून प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसविल्या. पुढे राज्य शासनाने तो स्वीकारला व तो जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. पहिल्या ठिकाणी विद्येला चळवळ मिळाली, दुसऱ्या ठिकाणी खोली, टेबल आणि पगाराची जागा मिळाली. अधिकाऱ्याची बदली झाली तरी टेबल तेथेच राहते.

आपल्या शहराकडे येऊ. औरंगाबादला पोलीस आयुक्तालय आले ते १९९१ साली. तत्पूर्वी, नामांतराच्या ठरावानंतर १९७८ च्या जुलै–ऑगस्टमध्ये मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या तेव्हा प्रस्तुत लेखक महाविद्यालयात होता. गावाकडून आलेले वर्गमित्र वसतिगृहात रात्ररात्र जागे असत, आणि पोलीस येतील या कल्पनेने कोणाला धीर येत नसे. पुढील काळातील दोन घटना ताज्या आहेत. मे २०१८ मध्ये मोतीकारंजा, शहागंज, गांधीनगर परिसरात दंगल झाली. दोघांचे प्राण गेले, दुकाने जळाली. ठिणगी नळजोडणी तोडण्याच्या वादातून पडल्याचे तेव्हा सांगितले गेले. मार्च २०२३ मध्ये रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात पोलिसांची वाहने पेटली, गोळीबार झाला, एका नागरिकाचा जीव गेला. दोन्ही वेळा शांतता समित्या होत्या आणि बैठकाही होत होत्या.

या शहरात विद्यापीठ आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र या विषयांचे विभाग आहेत. आणि संशोधनासाठी विषय मिळत नाही अशी तक्रार करणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात. त्यांना विषय सुचवितो. सिटी चौक, जिन्सी आणि क्रांती चौक या तीन ठाण्यांत गेल्या दहा वर्षांत किती ठाणेदार आले, प्रत्येक जण किती महिने राहिला, किती जणांना मुदतीपूर्वी हलविले, प्रत्येक वेळी आस्थापना मंडळाच्या टिपणीत कोणते ‘सार्वजनिक हित’ लिहिले गेले, आणि त्या त्या ठाण्याच्या शांतता समितीवर कोण होते, त्यांपैकी किती जण त्या मोहल्ल्यात राहतात? कोष्टक मांडण्याचे काम विद्यापीठाच्या मुलांनी करावे. मोहल्ल्यात जाऊन समितीचे सभासद शोधण्याचे काम आपल्या शाखांनी करावे. गृहखात्याच्या परवानगीची यात कोठेही गरज नाही. ही माहिती सार्वजनिक आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. दिवाळीनंतरच्या जिल्हा बैठकीत तीन ठाण्यांचे तीन अर्ज कोण करणार, हे नावानिशी ठरवावे.